घर, गोठा आणि नदीवरची मोटर : कॅमेरे वायरलेस घ्यावेत का वायरचे?

मळेकरी_करवीर :

नमस्कार मंडळी. जरा लांबड लागणार आहे पण सगळं सांगितल्याशिवाय नीट सल्ला मिळायचा नाही. आमचं गाव करवीर तालुक्यातच, पंचगंगेच्या काठाला, कोल्हापुरातनं गाडीवर पंचवीस मिनिटं. घरात आई-बाबा, बायको आणि दोन पोरं. मी शिरोलीला कंपनीत शिफ्टला असतो, तीन आठवड्यातनं एक आठवडा रात्रपाळी ठरलेली. मागच्या महिन्यात नदीवरच्या मोटरीची केबल कापून नेली, साधारण दोनशे फूट, तांब्याची. दोन वर्षांमागं स्टार्टर नेला होता. केबल परत घालायचा खर्च एकीकडं आणि तेवढे दिवस उसाला पाणी नाही ते वेगळंच, भर उन्हाळ्यात लागण वाळताना बघायला लागली. बाबा आता ७१ वर्षांचे आहेत, ते म्हणतात मी रात्रीचा जाऊन झोपतो मोटरीपाशी. मला तेच नको आहे. कॅमेऱ्याचा विषय खरं तर त्यासाठीच काढलाय.

जागा तीन आहेत. एक घर, पुढचं दार आणि अंगण. दुसरा गोठा, घराच्या मागं दीडशे फुटांवर, पत्र्याचं शेड, पाच म्हशी आहेत. आणि तिसरी मोटर, घरापासनं सातशे मीटर असेल, मधी सगळा ऊस. मोटरीवर थ्री फेज लाइट असते पण ती पाळीनं, दिवसा असली तर रात्री नसते. घरी फायबरचं वायफाय आहे.

शहरात एका दुकानात विचारलं तर ते म्हणाले सगळे वायरलेस घ्या, भिंती फोडायला नकोत, एका दिवसात काम. ऑनलाइन बघितलं तर २ मेगापिक्सेल, ४ मेगापिक्सेल, गोल फिरणारा, सोलरवाला, सिमवाला, डोकंच चालेना. बजेट ३५ हजारापर्यंत ताणू शकतो. कुणी स्वतः बसवलं असेल तर सांगा, जाहिरातीतलं नको.

केबलवाला_राजारामपुरी :

दादा, मी १४ वर्षं हेच काम करतोय, शहरात पण आणि राधानगरी, कागलकडं पण, म्हणून मोकळं बोलतो. आधी वायरलेस हा शब्द डोक्यातनं काढा. वायफाय कॅमेऱ्याला चित्र पाठवायची वायर नसते एवढंच, करंटची वायर लागतेच. म्हणजे जिथं कॅमेरा तिथं प्लग पायजे, अ‍ॅडॅप्टर पायजे, आणि ते अ‍ॅडॅप्टर पावसात भिजायला नको म्हणून डबा पायजे. लोक घरी बॉक्स उघडतात तेव्हा हे कळतं. वायर टाकायचीच आहे तर मग एकच कॅट सिक्स, म्हणजे नेटची केबल, टाका ना, पीओई स्विच लावला की त्याच वायरीतनं करंट पण जातो आणि चित्र पण येतं.

तुमचा गोठा दीडशे फूट म्हणजे ४५ मीटर. कॅट सिक्स १०० मीटरपर्यंत चालते, कसलीही अडचण नाही. तिथं वायफाय कॅमेरा लावला तर घरातल्या राउटरचं सिग्नल घराची भिंत आणि पत्र्याचं शेड दोन्ही पार करून जायला लागणार, आणि पत्रा हा वायफायचा वैरी आहे. दुपारी चालेल, संध्याकाळी घरात पोरं मोबाइल घेऊन बसली की चित्र अडकणार. बहुतेक वायफाय कॅमेरे २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, तो पट्टा लांब जातो खरा पण शेजारपाजारचे सगळे राउटर त्यातच असतात.

केबल घेताना एक बघा. स्वस्तात मिळणारी कॅट सिक्स बऱ्याचदा आतनं अ‍ॅल्युमिनियम आणि वरनं तांब्याचा मुलामा असती. लांब अंतराला पीओईचा करंट त्यात पडतो आणि कॅमेरा रात्री आयआर लाइट (अंधारात बघायला कॅमेऱ्यातलाच डोळ्याला न दिसणारा उजेड) चालू झाली की बंद पडतो, दिवसा मात्र बरोबर चालतो. गिऱ्हाईक म्हणतंय कॅमेरा खराब, आणि असती केबल खराब. चाकूनं तार खरवडून बघा, आतनं पांढरी दिसली की परत करा. गोठ्यापर्यंत केबल पाइपातनंच न्या, उंदीर सोडत नाहीत.

आता मेगापिक्सेलचं. दुकानदार मेगापिक्सेल सांगतो पण लेन्स सांगत नाही, आणि खरी गंमत लेन्समध्ये आहे. अनोळखी माणसाचा चेहरा ओळखता यायला त्याच्या जागी चित्रात एका मीटरला २५० ठिपके तरी पडायला लागतात, असा आंतरराष्ट्रीय मापदंड आहे. ४ मेगापिक्सेलचं चित्र २५६० ठिपके रुंद असतं, म्हणजे कॅमेऱ्यात दिसणारा भाग १० मीटर रुंद असेल तिथंपर्यंतच चेहरा ओळखता येणार. सगळीकडं जी २.८ एमएमची लेन्स खपवतात ती एवढं रुंद दाखवते की १० मीटर रुंदी चौदा-पंधरा फुटांवरच होते. त्याच्या पुढं माणूस आला हे दिसंल, कोण आला ते दिसणार नाही. तोच ४ मेगापिक्सेल ६ एमएमच्या लेन्सचा घेतला तर पस्तीस फुटांपर्यंत चेहरा मिळतो, पण आजूबाजूचं कमी दिसतं. म्हणून अंगणात एक २.८ चा सगळं दिसायला आणि फाटकावर एक ६ चा फक्त येणारा-जाणारा धरायला, असं मी करतो. आणि तो फाटकावरचा दहा फुटांपेक्षा वर नको. वर लावला की टोपीच दिसती, चेहरा दिसत नाही.

मोटरीचं सांगतो पण त्याआधी एक विचारतो. मोटरीकडं जायला पाणंद, म्हणजे रानातली गाडीवाट, एकच आहे का दोन? आणि ती पाणंद तुमच्या घरावरनं जाते का?

पुण्यातला_कोल्हापूरकर :

वरच्या दादांनी वायरिंगचं बरोबर सांगितलंय, मी दुसरी बाजू सांगतो. मी नेटवर्कमध्ये काम करतो, आई एकटी साळोखेनगरला असते, तिच्यासाठी घरात एक आणि दारात एक वायफाय कॅमेरा आहे. म्हणजे वायफाय वाईट नाही. जिथं राउटर जवळ आहे, प्लग आहे, आणि काम फक्त आई दुपारी उठली का बघायचं एवढंच आहे तिथं दोन-तीन हजाराचा वायफाय कॅमेरा उत्तम. चोर पकडायला तो पुरत नाही, कारण त्यातलं मेमरी कार्ड कॅमेऱ्याबरोबरच जातं. चोरानं कॅमेरा उपटला की पुरावा पण गेला. रेकॉर्डिंग दुसऱ्या ठिकाणी पाहिजे, म्हणून एनव्हीआर, म्हणजे सगळ्या कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारा रेकॉर्डर.

हार्डडिस्कचा हिशोब सांगतो, दुकानात कुणी करून देत नाही. एच २६५ मध्ये (चित्रण दाबून लहान करायची नवी पद्धत) ४ मेगापिक्सेलचा एक कॅमेरा साधारण २ एमबीपीएसवर ठेवला तर दिवसाला २१ ते २२ जीबी होतात. चार कॅमेऱ्यांचे ८६ जीबी. म्हणजे १ टीबीत अकरा दिवस, २ टीबीत तेवीस दिवस. जुना एच २६४ वाला रेकॉर्डर गळ्यात मारला तर हेच दिवस जवळजवळ निम्मे होतात. डिस्क सर्व्हेलन्सचीच घ्या, कॉम्प्युटरची साधी डिस्क चोवीस तास लिहिण्यासाठी बनवलेली नसते. कार्ड वापरणार असाल तर हाय एन्ड्युरन्स लिहिलेलं घ्या, साधं कार्ड अशा कामात लवकर मरतं आणि मेलंय हे पण कळत नाही, चोरी झाल्यावरच कळतं.

आणि पासवर्ड. हे मी हात जोडून सांगतो. २०१६ साली मिराय नावाच्या व्हायरसनं जगभरचे कॅमेरे आणि त्यांचे रेकॉर्डर (डीव्हीआर) ताब्यात घेतले होते, फार काही हुशारी नव्हती त्यात, कंपनीनं दिलेले मूळ पासवर्ड लोकांनी बदलले नव्हते एवढंच. त्याच कॅमेऱ्यांच्या जोरावर ऑक्टोबर २०१६ मध्ये अमेरिकेतल्या मोठमोठ्या वेबसाइटी काही तास बंद पाडल्या. आणि इतकं लांब कशाला, फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटच्या एका प्रसूतीच्या दवाखान्यातलं बायकांच्या तपासणीचं चित्रण बाहेर विकलं गेल्याचं उघडकीस आलं. आपल्या घरात आई, बायको, पोरं आहेत. बसवणारा माणूस कितीही ओळखीचा असला तरी तो गेल्यावर पासवर्ड स्वतः बदलायचा, अ‍ॅपमध्ये तुमच्याच नंबरवर खातं काढायचं, त्याच्या मोबाइलमध्ये ‘टेस्टिंगसाठी’ राहिलेलं काढून टाकायला लावायचं. राउटरमध्ये पोर्ट उघडून द्या म्हणाला तर नाही म्हणा, आता त्याची गरज नसते. बेडरूममध्ये कॅमेरा नको, कुठल्याही कारणासाठी नको.

घेताना बॉक्सवर बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचा, आर नंबर बघा, आर आणि पुढं आठ आकडे. तो बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाकला की कंपनी आणि वस्तू खरी का खोटी ते येतं. केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स मंत्रालयानं एप्रिल २०२४ मध्ये सीसीटीव्हीसाठी सुरक्षेचे वेगळे नियम काढले, मुदतवाढ होऊन ते ९ एप्रिल २०२५ पासनं लागू झाले. त्यात कॅमेऱ्याचं सॉफ्टवेअर, त्याचं बाहेर बोलणं, आतले उघडे पोर्ट हे सगळं प्रयोगशाळेत तपासायचं असतं. म्हणून जुना पडून राहिलेला माल अर्ध्या किमतीत देतो म्हणाले तर मोहात पडू नका.

कागलची_सून :

दादा तुमचं बाबांचं वाचलं आणि लिहायला बसले. आमचे सासरे पण असेच विहिरीवर झोपायला जायचे, एका पहाटे घोणस निघाली अंथरुणाजवळ तेव्हापासनं बंद केलं.

आम्ही गेल्या वर्षी विहिरीवर सोलरचा सिमवाला कॅमेरा लावला. उन्हाळ्यात नंबर एक चालला. तो सतत रेकॉर्ड करत नाही, झोपलेला असतो, समोर गरम काहीतरी हललं की जागा होतो आणि मोबाइलवर वाजतो. जागा व्हायला दोन-तीन सेकंद लागतात, तेवढ्यात माणूस पुढं निघून गेला तर पाठच दिसती. पहिल्या पंधरा दिवसात कोल्हा, कुत्री, मुंगूस सगळ्यांचे फोटो आले, माझ्या मोबाइलवर रात्रभर टिंगटिंग. मग सेटिंगमध्ये फक्त माणूस असं ठेवलं आणि उसाची पात जिथं हलती तेवढा भाग वगळला, मग शांत झालं.

जुलै लागला आणि बॅटरी बसली. सलग आठ-दहा दिवस ऊन नाही म्हटल्यावर ती एवढीशी प्लेट काय करणार. ज्या दिवसात आम्ही रानात जाऊ शकत नाही त्याच दिवसात कॅमेरा बंद. नंतर दिरानं वेगळी मोठी प्लेट आणि बारा व्होल्टची बॅटरी जोडली, तेव्हापासनं बरं आहे. म्हणून बॉक्सवरची प्लेट बघून भुलू नका.

सिमचं पण सांगते. दिवसाला दीड जीबीचा पॅक टाकला होता. सासरे कौतुकानं विहीर बघत बसायचे मोबाइलवर, दुपारपर्यंत पॅक संपायचा आणि रात्री कॅमेरा आंधळा. सगळ्यांना सांगून ठेवलं, वाजल्याशिवाय उघडायचं नाही.

आणि गोठ्यातलं. गोठ्यात कॅमेरा लावला की कोळी जाळं करतातच, रात्री आयआर लाइट त्या जाळ्यावर पडून सगळं पांढरं दिसतं. पंधरा दिवसाला मऊ फडक्यानं पुसायचं, उदबत्तीसारखं नेमानं. मुताच्या वासानं तांबं हिरवं पडतं, जोड उघडे ठेवले तर वर्षात जातात, तेवढे डब्यात बंद करून घ्या. पण गोठ्यातल्या कॅमेऱ्याचा फायदा सांगू का, चोरापेक्षा म्हैस व्यायला झाली की कळतं. डिसेंबरात रात्री दीड वाजता बघितलं आणि पळालो, रेडकू आडवं आलं होतं, वेळेत डॉक्टर मिळाला.

एक शेवटचं, आम्ही तांब्याची केबल काढून अ‍ॅल्युमिनियमची जाड केबल घातली. तिला भंगारात तांब्यासारखा भाव नाही. तेव्हापासनं कुणी हात लावला नाही, कॅमेरा लावायच्या आधीपासनंच.

मळेकरी_करवीर :

ताई, घोणसीचं वाचून अंगावर काटा आला, बाबांना वाचून दाखवलं. काही बोलले नाहीत पण ऐकलं.

केबलवाले दादा, पाणंद एकच आहे. आमच्या घरावरनं जात नाही पण आमच्या चुलत्यांच्या घराच्या कोपऱ्यावरनं वळते, तिथनं नदीपर्यंत सरळ. दुसरी बाजू नदीच. चुलत्यांच्या त्या कोपऱ्यावर विजेचा खांब आहे, दिवा पण आहे. आणि एक विचारायचं होतं, एकानं सांगितलं की घरावर एक आणि मोटरीवर एक असे दोन वायरलेस डिश लावले की नेट मोटरीपर्यंत जातं, पाच किलोमीटर जातं म्हणे. मग सिमची गरज नाही. ते करू का?

केबलवाला_राजारामपुरी :

तेच ऐकायचं होतं. दादा, कॅमेरा मोटरीवर लावूच नका, पाणंदीच्या तोंडाला लावा. दोनशे फूट तांब्याची केबल कुणी खांद्यावर टाकून उसातनं चालत नेत नाही, गाडी लागती, आणि गाडी पाणंदीतनंच येणार आणि पाणंदीतनंच जाणार. तिथं खांबावर दिवा आहे, चुलत्यांच्या घरात चोवीस तास लाइट आहे, कॅमेरा तुमच्या डोळ्यासमोर राहतो. मोटरीवरच्या अंधारात तोंडाला फडकं बांधलेला माणूस दिसून काय उपयोग, गाडी कुठली होती ते कळलं की अर्धं काम झालं.

फक्त गाडीचा नंबर पाहिजे असला तर त्याला वेगळा कॅमेरा, हे आधीच सांगतो. साध्या कॅमेऱ्यात रात्री हेडलाइटचा उजेड पडला की नंबरच्या जागी पांढरा गोळा. नंबरच्या कॅमेऱ्यात शटर फार वेगात ठेवायला लागतो, त्यामुळं बाकी सगळं काळं दिसतं आणि नंबरप्लेट तेवढी चमकती. आणि तो पाणंदीच्या रोखानं, अरुंद लेन्सचा, कमी उंचीवर, तिरका तीस अंशापेक्षा जास्त नको. म्हणून कोपऱ्यावर दोन, एक माणसं-गाडी ओळखायला, एक फक्त नंबरला. गाडी वळणावर हळू होती, म्हणून वळणाच्या आतल्या बाजूला रोखा.

डिशचं. चालतं, मी स्वतः लावलेत, ५ गिगाहर्ट्झचा तो पट्टा सरकारनं २०१८ मध्ये बिनपरवाना केलाय. पाच किलोमीटर जातं ते उघड्या माळावर. तुमच्या मधी ऊस आहे. लोक लावतात जानेवारीत, तोडणी झालेली असती, समोरचं सगळं स्वच्छ दिसतं, सिग्नल फुल्ल. ऑगस्ट-सप्टेंबरला ऊस डोक्यावर गेला की लिंक मेली, मग फोन येतो की तुमची डिश बिघडली. पातीत पाणी असतं आणि पाणी ती लहर पिऊन टाकतं. नुसतं डोळ्याला पलीकडचं टोक दिसलं म्हणून पण भागत नाही, लहर मधल्या भागात फुगती, सातशे मीटरला बरोबर मध्यावर तो फुगवटा वरखाली दहा-दहा फूट असतो, त्यातला निदान सहा फूट तरी मोकळा पायजे. ऊस बारा फूट धरा आणि वर सहा, म्हणजे दोन्हीकडचं टोक अठरा-वीस फुटांवर. घरावर गच्ची आहे, पण नदीकडं वीस फुटी खांब कोण रोवणार. त्यात तिथं रात्री लाइट नाही म्हणजे बॅटरी आलीच. आणि तुमच्या बाजूला पूर येतो. २०१९ ला पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी पंचावन्न फुटाच्या वर गेलं होतं, धोक्याची पातळी ४३. मोटर तुम्ही वर काढता, डिश, बॅटरी, खांब कोण काढणार?

मोटरीपाशी काही पाहिजेच असेल तर ताईंसारखा सिमवाला एक ठेवा, नळीसारख्या खांबावर, चार नटावर निघंल असा. पुराची चाहूल लागली की मोटरीबरोबर तो पण काढून आणायचा. दुसरं, मोबाइल स्टार्टर (फोनवरनं मोटर चालू-बंद करायचा) वापरता का? त्यातल्या काही मॉडेलला केबल तोडली की लगेच फोन येतो अशी सोय असती. तोडतानाच कळलं तर कोपऱ्यावर चार माणसं उभी राहतात.

गोठ्याच्या केबलीला दोन्ही टोकाला सर्ज प्रोटेक्टर (विजेचा झटका अडवणारा) लावा आणि अर्थिंग बघून घ्या. एप्रिल-मेच्या वळवात जेवढे स्विच आणि एनव्हीआर माझ्याकडं जळून येतात तेवढे बाकीच्या वर्षात येत नाहीत. एनव्हीआर माडीवर ठेवा, पुराला पण आणि चोराला पण. राउटर आणि एनव्हीआरला छोटा यूपीएस, लाइट घालवून चोरी करणारे पण असतात.

काळा_कोट_कसबा_बावडा :

मी वकील आहे, तांत्रिक बाबतीत भर घालत नाही. दोन गोष्टी सांगतो ज्या पुढे तुमच्याच कामाला येतील.

पहिली, चोरी झाल्यावर मोबाइलवरची क्लिप व्हॉट्सअ‍ॅपवर गावभर फिरवली म्हणजे पुरावा झाला असं होत नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे, त्याच्या कलम ६३ प्रमाणे अशा चित्रणाबरोबर प्रमाणपत्र लागतं. त्याचे दोन भाग आहेत, एक उपकरण ज्याच्या ताब्यात आहे त्यानं द्यायचा आणि एक तज्ज्ञानं, आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू लिहावी लागते, म्हणजे फाइलचा एक प्रकारचा ठसा, फाइलमध्ये कणभर बदल झाला तरी तो ठसा बदलतो. जुन्या कायद्यात हेच ६५ ब म्हणून होतं आणि जालन्याच्या निवडणुकीच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं जुलै २०२० मध्ये असं प्रमाणपत्र बंधनकारक असल्याचं स्पष्ट केलं. म्हणून चोरी झाली की एनव्हीआरला कुणाला हात लावू देऊ नका, त्या वेळेच्या आगेमागे दोन-तीन तासांचं मूळ चित्रण पेन ड्राइव्हवर काढा आणि पोलिसांना द्या. उशीर केला तर डिस्क भरल्यावर तेच चित्रण पुसून त्यावर नवीन लिहिलं जातं. माझ्या एका पक्षकाराच्या रेकॉर्डरमधलं घड्याळ सव्वा तास मागे होतं, समोरच्या वकिलांनी त्याच मुद्द्यावर दोन तारखा घेतल्या. महिन्यातून एकदा वेळ मोबाइलशी ताडून बघा.

दुसरी गोष्ट चुलत्यांची. कॅमेरा त्यांच्या भिंतीवर लागणार, तर त्यांना आधी बसवून सांगा, त्यात काय दिसणार ते मोबाइलवर दाखवा. त्यांचं न्हाणीघर, अंगण, दार जे काही चौकटीत येत असेल ते प्रायव्हसी मास्क लावून काळं करता येतं, बहुतेक रेकॉर्डरमध्ये ती सोय असते. भाऊबंदकीतले कॅमेऱ्याचे वाद माझ्याकडे येतात, ते हद्दीच्या वादापेक्षा लवकर पेटतात, कारण त्यात घरातल्या बायकांचा विषय येतो. कलकत्त्यात दोन भावांचं असंच प्रकरण हायकोर्टापर्यंत गेलं आणि २०२५ मध्ये कोर्टानं सांगितलं की राहत्या घरात बरोबरच्या रहिवाशाच्या संमतीशिवाय कॅमेरे चालवता येत नाहीत.

शिरोली_वर्कशॉप :

मळेकरी भावा, सगळं वर आलंय, माझं एकच. आमच्या वर्कशॉपवर आठ कॅमेरे होते, चोरी झाली तेव्हा कळलं तीन महिन्यापासनं डिस्क बंद होती. लाइव्ह सगळं दिसत होतं म्हणून कुणी मागचं रेकॉर्डिंग उघडून बघितलंच नव्हतं. तेव्हापासनं दर सोमवारी सकाळी चहा व्हायच्या आत आदल्या रात्रीचं दोन वाजताचं उघडून बघतो, प्रत्येक कॅमेऱ्याचं. दोन मिनिटं लागतात. घरात कुणाला तरी हे काम नेमून द्या.

आणि बसवणाऱ्याकडनं बिल घ्या, सिरीयल नंबरसकट. आमच्याकडं बिल नव्हतं, वॉरंटीत काही मिळालं नाही.

मळेकरी_करवीर :

मंडळी, मनापासनं आभार. परवा रविवारी बाबा, चुलते आणि मी तिघं पाणंदीच्या कोपऱ्यावर जाऊन उभा राहिलो. चुलत्यांना वकीलसाहेबांनी सांगितलं तसं सगळं आधी दाखवलं. ते म्हणाले माझी पण मोटर त्याच नदीवर आहे की, अर्धा खर्च माझा. मला हे अपेक्षितच नव्हतं, गेली तीन-चार वर्षं बोलणं पण बेताचंच होतं.

ठरलेलं असं. घरी फाटकावर ६ एमएमचा आणि अंगणात २.८ चा, गोठ्यात एक, तिन्ही कॅट सिक्सवर, २ टीबीची डिस्क, एनव्हीआर माडीवर. पाणंदीच्या कोपऱ्यावर दोन कॅमेरे, चुलत्यांच्या घरापासनं आमच्या घरापर्यंत १३० मीटर भरलं म्हणजे केबल पुरत नाही, पण मधी नुसतं खळं आणि रस्ता आहे, ऊस नाही, तर तेवढ्यात ती डिशची जोडी गच्चीवरनं गच्चीवर लावायची. दादा, हे बरोबर आहे ना? आणि आईच्या खोलीबाहेर सोप्यात एक साधा वायफायवाला, फक्त दुपारी मला शिफ्टमधनं बघायला. मोटरीवर कॅमेरा सध्या नाही, तांब्याच्या जागी अ‍ॅल्युमिनियमची केबल घालतोय आणि मोबाइल स्टार्टरमधली ती केबलची सोय बघतोय.

केबलवाला_राजारामपुरी :

बरोबर आहे. गच्चीवरनं गच्चीवर १३० मीटर म्हणजे त्या डिशला खेळ आहे, पॉवर निम्म्यावर ठेवा नाहीतर इतक्या जवळ सिग्नल अंगावर येऊन उलटाच त्रास होतो. खळ्याच्या कडेला आंबा किंवा नारळ असेल तर त्याच्या फांद्या रेषेत येत नाहीत ना बघा, आज नसेल तर चार वर्षांनी येईल. दोन्ही गच्चीवर अर्थिंग विसरू नका.

चुलत्यांकडच्या स्विचला पण छोटा यूपीएस लागेल, ते बजेटात धरा. आणि काम कुणाकडनंही करून घ्या, पण रात्री आठनंतर त्याला परत बोलवा आणि अंधारात स्वतः पाणंदीतनं चालत या, एकदा चालत आणि एकदा गाडी घेऊन हेडलाइट लावून. मोबाइलवर स्वतःचा चेहरा आणि स्वतःच्या गाडीचा नंबर वाचता आला तरच पैसे द्या.

मळेकरी_करवीर :

करतो दादा. आंबा आहे एक, खळ्याच्या कोपऱ्यावर, आजोबांनी लावलेला. तोडायचा नाही, डिश दोन फूट बाजूला घेतो. बाबांना आज विचारलं की आता तरी घरी झोपणार ना, तर म्हणाले कॅमेरा लागू दे, चालून बघायच्या दिवशी गाडी मी चालवतो.